कबड्डीला पंच म्हणून उभं राहताय? आधी डोकं सांभाळा

खानापूर, निपाणीकडं टुर्नामेंट लागल्या की एका रात्रीत चार-पाच मॅच, ३० सेकंदाची प्रत्येक रेड डोळ्यात तेल घालून बघायची आणि वर मराठी-कन्नड दोन्हीत शिव्या खायच्या, मग घरी येऊन झोपच लागत नाही. म्हणून आयोजकांना आधीच सांगा, सलग दोनच मॅच, नंतर दुसरा पंच. हाफटाइमच्या ५ मिनिटांत मोबाईल नको, पाणी प्या, श्वास हळूहळू सोडा. वाद झाला तर कॅप्टनशीच बोला, पब्लिकशी नाही. परतताना सोबतच्या पंचाजवळ मन मोकळं करा, हे खरंच लागतं बघा. शिट्टी हातात घ्यायचीच नको वाटतंय, घरच्यांवर चिडचिड होतेय, तर सरळ थोडे दिवस थांबा आणि १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, २४ तास.