अकरावी सायन्सला किती जड विषय घ्यावेत? आधी आठवड्याचे तास मोजा

दहावीचा निकाल लागला की घरात आठवडाभर कॉलेजांच्या नावांवर चर्चा होते आणि विषय मात्र अर्ज भरताना पाच मिनिटांत ठरतात. "पीसीएमबी घेऊन ठेव, दोन्ही दारं उघडी राहतील," असं एखादे काका हमखास सांगतात. म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो असे चारही विषय घे, मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्हीकडे जाता येईल. ते दार उघडं ठेवायला दोन वर्षं रोज दोन तास उंबऱ्यावर उभं राहावं लागतं, हे सांगायचं राहून जातं.

आधी गुणांचं गणित बघा. राज्य मंडळाच्या बारावीला एकूण ६०० गुण. इंग्रजी सक्तीचं, फिजिक्स-केमिस्ट्री बहुतेकांचं ठरलेलं. म्हणजे निवड उरते ३०० गुणांची. पीसीएमबीवाले तिथे मॅथ्स, बायो आणि एक दुसरी भाषा किंवा आयटी बसवतात. बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यवसायाभिमुख विषय, २०० गुणांचा असतो, त्यामुळे तो दोन जागा खातो: दुसऱ्या भाषेची आणि मॅथ्स-बायोपैकी एकाची. म्हणून चारही विषय आणि वर कॉम्प्युटर सायन्स बायफोकल, असा बेत मुळात बसतच नाही. हे न कळल्यामुळे प्रवेशाच्या खिडकीवर दरवर्षी वाद होतात.

आता प्रवेश परीक्षांकडे या. मेडिकलच्या नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोचे, मॅथ्सचा एकही नाही. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात २०० पैकी १०० गुण मॅथ्सचे, बायोचा एकही नाही. चौथा विषय कोणत्याही एका परीक्षेच्या दृष्टीने पूर्णपणे बाहेरचा असतो, आणि तो वेळ खातो तो नेमका ज्या विषयावर निम्मे गुण आहेत त्याचा. दोन्ही दारं उघडी ठेवण्याची खरी किंमत ही.

तास कसे मोजायचे

आठवड्याचे १६८ तास. एका साध्या वहीत लिहून काढा. समजा मुलगी डोंबिवलीला राहते, कॉलेज माटुंग्याला आणि क्लास दादरला. झोप रोज सात तास धरली तर ४९. आंघोळ, जेवण, घरातली कामं रोज अडीच तास, म्हणजे १७.५. कॉलेज प्रॅक्टिकलसकट ३०. क्लास १८. घराच्या दारापासून दारापर्यंतचा प्रवास रोज तीन तास, सहा दिवसांचे १८. बेरीज १३२.५. उरले ३५.५.

यातून टेस्ट आणि चुकलेली गणितं परत सोडवणं यांचे ५ तास काढा. मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्रीला घरचा अभ्यास प्रत्येकी ६, म्हणजे १८. इंग्रजी आणि दुसरी भाषा ३. जर्नल आणि सबमिशन अडीच. हातात ७ तास राहिले. बायोला क्लासचे चार-साडेचार, वाचनाचे सहा आणि आकृत्या-जर्नलचा दीड तास धरला तर जवळपास १२ लागतात. पाच तास कमी पडले, आणि ते झोपेतूनच कापले जातात. यात मोकळा वेळ, आजारपण, गणपतीचे दिवस आणि जुलैत रुळांवर पाणी भरल्याचे दिवस धरलेलेच नाहीत. टेस्ट रविवारी असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रकही आदल्या दिवशी बघावं लागतं.

हीच मुलगी चालत जाता येईल अशा कॉलेजात गेली आणि प्रवास आठवड्याला ६ तासांवर आला, तर १२ तास सुटतात. म्हणजे अख्खं बायो मावलं! दोन टक्के वरच्या कटऑफचं लांबचं कॉलेज आणि चौथा विषय, या दोन्हींची किंमत एकाच खिशातून जाते. लोकलमध्ये बसून अभ्यास होईल, हे धरून चालू नका. सकाळच्या फास्टला उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

एकावर एकच

पीसीएम किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो) हा पाया. त्यावर जादा ओझं म्हणजे चौथा मुख्य विषय, आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्सची तयारी, बायफोकल, ऑलिम्पियाड किंवा जिल्हा-राज्य पातळीवरचा खेळ. यातलं एकच घ्या. दुसरं घ्यायचं असेल तर वहीतल्या हिशोबात किमान दहा तास शिल्लक दिसले पाहिजेत. पीसीएमबी आणि जेईई अॅडव्हान्स ही जोडी तर फार थोड्यांना पेलते. ज्यांना पेलते, त्यांना दहावीतच मॅथ्ससाठी कोणी मागे लागावं लागत नाही.

बायो घ्यायचं खरं कारण कोणतं? मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणतो आणि मॅथ्सही मनापासून आवडतं, हे कारण झालं. "बघू, नंतर ठरवू" हे कारण अकरावीच्या दिवाळीपर्यंत ठीक, पुढे नाही. फार्मसीसाठी चार विषय लागतात हा गैरसमज आहे. पीसीएम किंवा पीसीबी, दोन्ही चालतात. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केलं तरी नीट देता येते. ती वाट लांबची आहे, पण "आज सोडलं म्हणजे कायमचं गेलं" ही भीती त्यामुळे बरीच कमी होते.

उलट चूकही होते. मॅथ्सचा कंटाळा म्हणून पीसीबी घेणाऱ्यांना वाटतं की गणित संपलं. अकरावीच्या फिजिक्सचा दुसरा धडाच 'गणितीय पद्धती' आहे: सदिश, त्यांचे गुणाकार, थोडं विकलन आणि संकलन. नीटमध्ये फिजिक्सचे १८० गुण आहेत आणि पीसीबीवाले घसरतात ते बहुधा तिथेच.

दहा संध्याकाळची परीक्षा

दहावीच्या टक्क्यांवरून अंदाज बांधू नका. ते बेस्ट ऑफ फाइव्हचे असतात, त्यात अंतर्गत गुणही मिसळलेले असतात आणि ज्या विषयाने मार खाल्ला तो कदाचित मोजलाच गेलेला नसतो. त्यापेक्षा प्रिलिमचे बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे पेपर काढा. चुका आकडेमोडीच्या आहेत की गणित सुरूच करता आलं नाही, ते वेगवेगळं मोजा. आकडेमोड सरावाने सुधारते. सुरुवातच न जमणं जास्त काळजीचं.

मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीची पुस्तकं उतरवून घ्या, पैसे पडत नाहीत. पाच संध्याकाळी फिजिक्सचा तो दुसरा धडा, पाच संध्याकाळी बायोचा कोणताही एक धडा. रोज दीड तास, क्लासविना, यूट्यूबविना. शेवटी स्वाध्याय सोडवा. निम्मे प्रश्न स्वतःहून जमले तर विषय पेलेल. बायोच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून एक आकृती नावांसकट काढायला सांगा. वाचायला आवडणं वेगळं आणि लक्षात राहणं वेगळं.

किती परीक्षा

इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते. जानेवारीच्या सत्राच्या आसपास कॉलेजच्या प्रिलिम आणि बोर्डाची प्रॅक्टिकल्स येतात, मग बोर्डाची लेखी परीक्षा, मग सीईटी, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला नीट. नीट आणि जेईई दोन्हींची तयारी करणं म्हणजे दोन वेगळे क्लास, दोन टेस्ट सिरीज. पीसीएमला जेईई मेन आणि सीईटी ही जोडी मात्र जुळते. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. मेनमध्ये चुकीला एक गुण जातो. त्यामुळे सीईटीला वेगाचा सराव वेगळा करावा लागतो: मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं.

अॅडव्हान्सला मेनमधले वरचे अडीच लाखच बसू शकतात, आणि आयआयटी-एनआयटीसाठी खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. इंटिग्रेटेड क्लासच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नादात बोर्डाकडे पाठ फिरवणारे नेमके इथे अडकतात.

बायफोकलबद्दल थोडक्यात: कॉम्प्युटर सायन्सला ५० गुणांचे दोन लेखी पेपर आणि तेवढेच प्रॅक्टिकलचे गुण. टक्केवारी वाढते, पण प्रॅक्टिकलमुळे दुपार जाते. क्लास दुपारी दोनचा असेल तर आधी कॉलेजात वेळापत्रक विचारा. आयटी १०० गुणांचा आणि त्यामानाने हलका. मराठी सोडून तो घेणाऱ्यांची मुंबईत रीघ लागते. गुणांसाठी ठीक, पण मराठीला मिळणारे गुणही वाटतात तितके वाईट नसतात.

आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) शाळेतल्या मुलांना हाच प्रश्न हायर लेव्हलच्या, म्हणजे जास्त खोलात शिकायच्या विषयांच्या, रूपात येतो. तिथे सहापैकी तीन, फार तर चार विषय हायर लेव्हलला. हायर लेव्हलला दोन वर्षांत सुमारे २४० तास शिकवणं अपेक्षित, स्टँडर्डला १५०. चौथ्या हायर लेव्हलचे ते ९० तास वरच्याच वहीत मांडून बघा.

सोडायचं कधी

पहिल्या घटक चाचणीत कमी गुण पडले म्हणून विषय सोडू नका. अकरावीची पहिली चाचणी सगळ्यांनाच आपटते. पण सहामाहीपर्यंत जर्नल दोन-तीन प्रयोग मागे असेल, टेस्टनंतर चुका बघायलाच वेळ मिळत नसेल आणि ज्या विषयावर प्रवेश अवलंबून आहे त्याचेच गुण उतरत असतील, तर चौथा विषय सोडायची वेळ आली. त्याच्या जागी जो घ्यायचा तो विषय कॉलेजात शिकवला जात असला पाहिजे, आणि बदलाची मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी. ती प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बारावीला बोर्डाचा फॉर्म भरला गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. अर्ज पालकांच्या सहीने, दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.