डेटाशीटमधले व्होल्टेजचे आकडे जुळत नसतील तेव्हा

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथच्या कार्डासाठी यूसी ३८४२ ही पॉवर कंट्रोलर चिप वापरून मी सप्लाय बांधत होतो. डेटाशीटमधल्या, म्हणजे निर्मात्याच्या माहितीपत्रकातल्या, गुणधर्मांच्या तक्त्याच्या माथ्यावर १५ व्होल्ट लिहिलेले होते, म्हणून मी चिपला नेमके १५ व्होल्ट दिले, आणि ती सुरूच झाली नाही. त्याच तक्त्यात खाली सुरू होण्याचा उंबरठा १६ व्होल्ट होता आणि कमाल मर्यादांच्या तक्त्यात ३० व्होल्ट.

अशा वेळी छपाईची चूक गृहीत धरण्याआधी प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते शोधावे. १५ व्होल्ट ही केवळ चाचणीची अट होती. चिप आधी उंबरठ्याच्या वर नेऊन सुरू करावी आणि मग १५ वर आणावी, असे तळटीपेत बारीक अक्षरात दिलेले असते. ३० व्होल्ट ही चिप जिवंत राहण्याची सीमा आहे, रोज चालवण्याची नव्हे. पहिल्या पानावरचे आकडे आणि नमुना सर्किट यांना मी सर्वांत कमी वजन देतो.

त्यानंतर चिपवर छापलेला क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहावा. एकाच डेटाशीटमध्ये भावंडे एकत्र असतात: ३८४२ आणि ३८४४ साधारण १६ व्होल्टला सुरू होऊन १० ला बंद पडतात, तर ३८४३ आणि ३८४५ यांचे हेच आकडे ८.४ आणि ७.६ आहेत. निर्माता आणि डेटाशीटची आवृत्तीही त्याच चिपची आहे ना, याची खात्री करावी.

नमुनेदार (टिपिकल) मूल्याची, म्हणजे सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या आकड्याची, हमी कोणी देत नाही, त्यामुळे डिझाइन नेहमी किमान आणि कमाल रकान्यांवरून करावे. ३८४२ चा सुरुवातीचा उंबरठा १४.५ ते १७.५ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, म्हणून सुरुवातीला १७.५ च्या वर पोहोचण्याची सोय हवी. बंद पडण्याचा उंबरठा ८.५ ते ११.५ असल्याने पूर्ण लोडवर, शेजारच्या फाउंड्रीची भट्टी सुरू होऊन विजेच्या लाइनचे व्होल्टेज खाली बसले तरी, पुरवठा ११.५ च्या खाली जाता कामा नये.

तरीही शंका उरल्यास टेबलावर मोजून घ्यावे. पॉवरचा भाग न जोडता पिन ७ (पुरवठा) आणि पिन ५ (ग्राउंड) यांच्यामध्ये, पिनांना चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, टायमिंगसाठी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडावेत आणि बेंच सप्लायची करंट लिमिट ५० मिलिअँपिअरवर ठेवावी. मल्टिमीटर पिन ८ वर (चिपचे संदर्भ व्होल्टेज) धरून व्होल्टेज सावकाश वाढवत न्यावे: तिथे ५ व्होल्ट उमटतात तो सुरू होण्याचा उंबरठा, आणि उतरताना ते नाहीसे होतात तो बंद होण्याचा. मात्र एका चिपवरचे मोजमाप तक्त्याचा रकाना बदलू शकत नाही. त्यावरून फक्त आपण तक्ता बरोबर वाचला की नाही एवढेच कळते.

दोन रकान्यांचा मेळ एवढे करूनही बसला नाही, तर पान, तक्ता आणि आवृत्ती नमूद करून निर्मात्याला लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत दोन्ही आकड्यांपैकी अधिक कडक आकडा धरावा आणि तो का धरला, ते सर्किटच्या आकृतीवरच लिहून ठेवावे.