कॅडमधलं माप साइटवर जुळत नाही? या चुका टाळा

गुहागरजवळच्या एका घराच्या साइटवरून सुताराचा फोन आला, "साहेब, चौकट बसत नाय." कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढलेल्या ड्रॉइंगवर खिडकी 1200 मिमी. फाइल उघडून रेषा मोजल्या तर 1150. मालकांनी आयत्या वेळी खिडकी मोठी करायला सांगितली, तेव्हा आमच्या मुलाने रेषा न हलवता डायमेन्शनवर (रेषेचं माप दाखवणाऱ्या आकड्यावर) डबल क्लिक करून नुसता आकडा बदलला होता. मिस्त्रीने दोन्हीकडच्या भिंतींची मापं धरून चिरे रचले, त्याचा गाळा निघाला 1150. सुताराने फणसाची चौकट केली 1200 ची. दोघंही ड्रॉइंगप्रमाणेच चालले होते. शेवटी अर्धा दिवस चिरा तासण्यात गेला.

आकडा हाताने लिहिणं ही माझ्या मते कॅडमधली सगळ्यात महागडी चूक. शंका आली की डायमेन्शन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड' बघा. तिथे आकडा असेल तर पुसा, खरं माप लगेच वर येतं. मग स्ट्रेच (रेषा ओढून सरकवायची कमांड) वापरून भिंत सरकवा. डायमेन्शन एक्सप्लोडही करू नका (म्हणजे सुट्या तुकड्यांत फोडू नका), नंतर ते भिंतीबरोबर बदलत नाही.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे आकड्याची गोलाई (राउंडिंग). ओस्नॅप (कर्सर रेषेच्या नेमक्या टोकाला चिकटवणारी सोय) बंद ठेवून अंदाजाने काढलेली भिंत 2999.6 भरते आणि डायमेन्शन खुशाल 3000 दाखवतं. तपासताना दशांश दोन घरांपर्यंत वाढवून बघा, सगळं बाहेर येतं. हॅच (बंद आकारात भरायची नक्षी) भरत नसेल तर कारण बहुतेक वेळा हेच: कोपऱ्यात रेषा भिडलेल्याच नसतात.

मोजणीचा नकाशा मीटरमध्ये आणि तुमची फाइल मिमीमध्ये असेल तर प्लॉट हजारपट लहान येतो. ते निदान डोळ्यांना दिसतं. दिसत नाही तो गुंठ्याचा घोळ. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, एक आर म्हणजे 100 चौ. मी.; गुंठा मात्र 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 101.17 चौ. मी. मालक "पाच गुंठे" म्हणतात आणि उताऱ्यावर पाच आर असतात. फरक 63 चौ. फुटांचा, एखाद्या न्हाणीघराएवढा. नकाशा आत घेतल्यावर एरिया कमांडने क्षेत्र काढा आणि उताऱ्याशी ताडून बघा, मगच सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडा.

कौलारू छपराचं आपल्याकडे वेगळंच दुखणं. प्लॅनमध्ये (वरून दिसणाऱ्या नकाशात) वासा आडवा मोजला जातो, उतार त्यात दिसत नाही. 30 अंशांच्या उताराला प्लॅनमधले 3000 मिमी प्रत्यक्षात 3464 होतात. प्लॅनवरून वासे कापून आणले तर पागोळ्या थेट भिंतीवर. वाशांची लांबी सेक्शनमधूनच (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमधूनच) द्या.

लेयरबद्दल (ड्रॉइंगच्या वेगवेगळ्या थरांबद्दल) एवढंच: सगळं शून्य लेयरवर काढू नका.

प्रिंट काढताना 'फिट टू पेपर'ची खूण काढा आणि 1:100 निवडा. कागदावर 5 मीटरची भिंत फूटपट्टीने 5 सेमी भरते का, एकदा बघा. ही तपासणी ऑफिसातच करायची. जुलैत साइटवर दमट झालेल्या कागदावर मिस्त्री पट्टी लावायला लागला तर त्याला थांबवा आणि लिहिलेलं माप वाचून दाखवा.