कलावंताच्या मनाविषयी लिहिताना: अजिंठ्याचे गिल आणि पारो

दिवंगत कलावंताच्या अंतर्मनाविषयी लिहू लागले, की त्याच्या जागी आपलेच मन नेऊन बसवण्याचा मोह होतो. तो आवरायला शिकण्यासाठी मराठवाड्यातल्या लेखकाला दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी मेजर रॉबर्ट गिल आणि त्याची इथली प्रिया पारो यांच्या कहाणीत पुराव्याने हाती लागणारे थोडे आहे आणि तोंडातोंडी वाढलेले पुष्कळ.

आधी अजिंठा गावात जावे, लेण्यांत नंतर. गावात पारोची कबर आहे. तिच्यावरील इंग्रजी मजकुरात गिलने तिला ‘प्रिय’ म्हटले आहे आणि तिच्या मृत्यूचे साल १८५६ दिले आहे. तो मजकूर वहीच्या डाव्या पानावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. तिचे रूप, दोघांची पहिली भेट, त्यांचे बोलणे यांविषयी जे कानावर येईल, ते उजव्या पानावर ‘ऐकीव’ असा शेरा मारून लिहावे. ऐकीव गोष्टी टाकाऊ नसतात, कारण गावाने ही माणसे कशी आठवणीत ठेवली हे त्यांतून कळते. मात्र लेख पुरा होईपर्यंत ही दोन पाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

मग साले क्रमाने मांडावीत. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर गिल १८४४ मध्ये आला. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली, आणि त्यानंतरही तो पुन्हा प्रतिकृती करू लागला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आधी जिवाचे माणूस गेले, दहा वर्षांनी हातचे काम गेले, तरी तो त्याच भिंतींसमोर उभा राहिला, एवढे आपण ठामपणे लिहू शकतो. ‘तो पारोच्या आठवणीसाठी रंगवत राहिला’ हे वाक्य कितीही गोड वाटले, तरी त्याला आधार नाही, ते खोडावे.

दुःख शब्दांत कसे आणावे, हे सोळाव्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रासमोर शिकता येते. गौतम बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने संसार सोडल्याचे कळून कोसळलेली ही त्याची पत्नी सुंदरी, असे अभ्यासक मानतात. तिची मान कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, मागून एका दासीने तिला सावरले आहे, आणि भोवतालच्या बायकांच्या चेहऱ्यांवर काळजी दाटली आहे. चित्रकाराने तिच्या डोळ्यांत अश्रू भरले नाहीत. या चित्राचे पेन्सिलीने साधे रेखाटन करावे. नीट नाही आले तरी चालेल, पण गिलचे डोळे आणि मनगट दिवसभर काय सोसत असतील, याचा अंदाज अंधूक उजेडात तेवढ्यानेही येतो. घरी आल्यावर मसुद्यातले ‘अपार दुःख’, ‘व्याकूळ मन’ असे शब्द काढून त्यांच्या जागी गिलने प्रत्यक्ष काय केले ते लिहावे.

पारोविषयी मात्र स्वतंत्र परिच्छेद हवा, मग तो तीन ओळींचा का असेना. तिचे स्वतःचे म्हणणे कुठे उरलेले नाही आणि तिची ओळख गिलने कोरवलेल्या मजकुरातूनच होते, हे त्यात स्पष्ट नोंदवावे, आणि तिच्या तोंडी एकही वाक्य घालू नये.