स्पेनच्या खेड्यात राहायला जाताना घरी भरवशाचे इंटरनेट कसे मिळवावे

फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंतून येणाऱ्या इंटरनेटच्या, जोडण्यांच्या बाबतीत स्पेन युरोपात आघाडीवर आहे आणि काहीशे वस्तीच्या गावातही आज उत्तम वेगाचे फायबर मिळते. तरीही शहर सोडून खेड्यात जाणाऱ्या अनेकांची फसगत होते, कारण फायबर गावात असते आणि त्यांच्या मनात भरलेले घर गावापासून एक-दीड किलोमीटरवर, ऑलिव्हच्या बागेत असते. त्यामुळे कोणत्या प्रांतात जावे यापेक्षा, निवडलेल्या घरापासून फायबरची शेवटची पेटी (जिथून घराघरांत तारा जातात ती) किती अंतरावर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पुढील पायऱ्या त्याच प्रश्नाभोवती रचल्या आहेत आणि त्या घराचा व्यवहार होण्याआधीच सुरू कराव्यात.

पहिली पायरी: वस्तीची ठेवण समजून घ्यावी

उत्तर स्पेनमधील सोरिया किंवा पालेन्सियाकडची गावे चर्चभोवती दाटीवाटीने वसलेली असतात. भिंतींवरून एक केबल फिरवली की सगळे गाव जोडले जाते. वायव्येकडील गालिसियाचे तसे नाही. संपूर्ण स्पेनमधील लहानमोठ्या वस्त्यांपैकी जवळपास निम्म्या या एकाच प्रदेशात आहेत आणि त्या कोकणातल्या वाड्यांसारख्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. दक्षिणेच्या आंदालुसियातील कोर्तिहो आणि कातालुन्या-आरागोनकडील मासिया ही तर एकटी उभी असलेली शेतघरे. लोकवस्ती उतरत चाललेल्या सोरियातील गावठाणात जे सहज मिळते, ते पर्यटकांनी गजबजलेल्या किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरील कोर्तिहोत मिळेलच असे नाही, ते यामुळेच.

दुसरी पायरी: घराचा नेमका पत्ता मिळवावा

गावाबाहेरच्या घरांना बहुधा रस्त्याचे नाव नसते. पत्त्यात ‘क्रमांक नाही’ असे लिहिलेले असते किंवा नुसता शेतजमिनीचा गट आणि तुकडा दिलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर असा पत्ता सापडत नाही, मग विक्री प्रतिनिधी जवळच्या एखाद्या घराचा पत्ता टाकतो आणि ‘फायबर उपलब्ध’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. हे टाळण्यासाठी घरमालकाकडून मालमत्ता कराची पावती मागावी. त्या पावतीवर कातास्त्रोचा, म्हणजे भूमी-अभिलेखाचा, वीस अक्षरे-आकड्यांचा संदर्भ क्रमांक असतो. कातास्त्रोच्या संकेतस्थळावर तो टाकला की नकाशावर घर नेमके कुठे आहे ते दिसते. त्यानंतर दूरसंचार पाहणाऱ्या मंत्रालयाचा ब्रॉडबँड नकाशा उघडून तीच जागा तपासावी. मात्र नकाशात रंग दिसला म्हणून उंबरठ्यापर्यंत केबल येईल असे मानू नये.

तिसरी पायरी: जागेवर जाऊन पाहणी करावी

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालत जावे आणि भिंतींवर, छपराच्या कडेला, लाकडी खांबांवर नजर ठेवावी. काळी किंवा राखाडी, पुस्तकाएवढी पेटी आणि तिच्यातून निघालेल्या बारीक काळ्या तारा दिसल्या, तर ती बहुधा फायबरची वितरण पेटी असते. तिचे छायाचित्र घ्यावे, तिच्यावरील कंपनीचे नाव किंवा क्रमांक टिपावा आणि तेथून घरापर्यंतचे अंतर मोजावे. मध्ये दुसऱ्याची जमीन, ओढा किंवा मोठा रस्ता येतो का, तेही पाहावे. कारण कंपनी नकार देते तेव्हा अंतराइतकीच ही कारणे पुढे केली जातात.

त्यानंतर शेजाऱ्यांना विचारावे. ‘इंटरनेट चांगले आहे का’ या प्रश्नाला कोणीही ‘आहे’ असेच उत्तर देतो. त्याऐवजी कोणत्या कंपनीचे आहे, रविवारी रात्री चित्रपट अडकतो का आणि मागच्या वादळात ते किती दिवस बंद होते, असे प्रश्न करावेत. आयुंतामिएन्तो म्हणजे गावच्या नगरपालिकेत, नवी फायबर लाईन येऊ घातली आहे का, हे कळते. २०२१ पासून सरकारच्या ‘उनिको’ कार्यक्रमातून मागे राहिलेल्या वस्त्यांसाठी अनुदान दिले गेले आहे. गावातल्या बारमध्येही बरीच खरी माहिती मिळते, अर्थात कॉफी घेऊन बसण्याची तयारी हवी.

घराच्या जाहिरातीत ‘टेलिफोन लाईन आहे’ असे लिहिलेले असले तर त्याला काडीचीही किंमत देऊ नये. तेलेफोनिका या स्पेनच्या जुन्या दूरसंचार कंपनीने आपली तांब्याच्या तारांची उरलीसुरली केंद्रे २०२५ मध्ये बंद केली. भिंतीवरचे जुने सॉकेट आता केवळ शोभेचे आहे.

चौथी पायरी: इसार देण्यापूर्वी अट लिहून घ्यावी

स्पेनमध्ये घर विकत घेताना आधी ‘आर्रास’चा करार होतो आणि साधारणपणे किमतीच्या दहा टक्के रक्कम इसार म्हणून दिली जाते. प्रचलित प्रकारच्या करारात खरेदीदाराने माघार घेतली तर ती रक्कम बुडते. म्हणून इंटरनेटची तपासणी या सहीच्या आधी पुरी करावी. ते शक्य नसेल, तर ठरावीक मुदतीत जोडणी मिळू शकत नसल्याचे दिसल्यास इसार परत मिळेल, अशी अट वकिलाकडून करारात घालून घ्यावी. घर भाड्याचे असेल तर भिंतीला छिद्र पाडण्याची आणि छतावर अँटेना बसवण्याची परवानगी मालकाकडून लेखी घ्यावी.

पाचवी पायरी: मार्ग निवडावा

फायबर मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. मोविस्टार, ऑरेंज, व्होडाफोन आणि डिजी या मोठ्या नावांबरोबरच आवातेल आणि आदामो यांसारख्या लहान गावांवर भर देणाऱ्या कंपन्यांकडेही चौकशी करावी; एकीने नाकारलेल्या घराला दुसरी जोडणी देते, असे घडते.

फायबर नसेल तर स्थानिक कंपनीचे रेडिओ इंटरनेट पाहावे. त्यात टेकडीवर किंवा उंच इमारतीवर बसवलेल्या अँटेनाकडून तुमच्या छतावरच्या लहान तबकडीकडे संकेत येतात आणि त्यासाठी दोहोंमध्ये सरळ दृष्टिरेषा लागते. हिवाळ्यात पानगळ झालेल्या चेस्टनटमधून ती रेषा मोकळी दिसते, मे महिन्यात पालवी आली की वेग घसरतो. त्यामुळे झाडांचा अंदाज घेऊनच जागा ठरवावी.

तिसरा मार्ग ४जी किंवा ५जी राउटरचा. कंपन्यांची नावे अनेक असली तरी मोबाइलची प्रत्यक्ष जाळी मोजकीच आहेत. म्हणून निरनिराळ्या जाळ्यांची प्रीपेड सिम घेऊन घराच्या प्रत्येक खोलीत आणि छतावर वेग तपासावा. सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. जुन्या घरांच्या दगडी भिंती अर्धा मीटर किंवा त्याहूनही जाड असतात आणि त्या संकेत गिळून टाकतात. ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि आतपर्यंत पोहोचतात, पण त्यांचा वेग बेताचा असतो, ३.५ गिगाहर्ट्झचा ५जी वेगवान असतो, पण तो दूर जात नाही. बाहेर अँटेना लावून केबल आत राउटरपर्यंत आणली, तर याच घरात चित्र पार पालटते. चाचणी सकाळी करून समाधान मानू नये. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान ती पुन्हा करावी, आणि जमल्यास ऑगस्टमध्येही करावी, कारण शहरांत स्थायिक झालेली कुटुंबे गावच्या उत्सवासाठी परततात तेव्हा गावची वस्ती कित्येक पटींनी वाढते आणि एकच मनोरा सगळ्यांना पुरवावा लागतो.

उरतो तो उपग्रह. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे एका फेरीलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. इस्पासात या स्पॅनिश उपग्रह कंपनीच्या उपग्रहांवर आधारलेली, महिना ३५ युरोत १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग देणारी सरकारी अनुदानाची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. बातम्या वाचणे, चित्रपट पाहणे यासाठी अशी सेवा पुरेशी आहे, पण दिवसभर व्हिडिओ बैठका करणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तेथे ही दिरंगाई जाणवत नाही. मात्र आकाश मोकळे हवे, आणि खोल दरीतल्या घरात नेमके तेच नसते. कंपनीच्या अ‍ॅपमधून मोबाइलचा कॅमेरा आकाशाकडे धरून अडथळे तपासता येतात. कोणताच मार्ग हाती लागत नसेल तर २०२२ च्या दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवा म्हणून किमान १० एमबीपीएसचा हक्क दिलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

सहावी पायरी: करार आणि जोडणी

करारासाठी सहसा परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक, म्हणजे एनआयई, आणि थेट वसुलीसाठी बँक खाते लागते. बंधनाची मुदत २४ महिन्यांहून अधिक असू शकत नाही, आणि फोनवर किंवा ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत मागे घेता येतो. मध्येच सोडल्यास किती दंड पडेल, हे लेखी मागावे.

गावच्या पेटीपासून घरापर्यंतची केबल तंत्रज्ञ आणतो, पण स्वतःच्या आवारातील नळी मोकळी ठेवणे बहुधा मालकावरच येते. जुन्या नळीत माती, मुळे, मुंग्यांची वारुळे भरलेली असतात. तंत्रज्ञ येण्याआधी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत मजबूत नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. ती नसेल तर तो ‘नळी बंद’ असा शेरा मारून निघून जातो आणि पुन्हा आठवडाभराची वाट पाहणे नशिबी येते. तो अनोळखी क्रमांकावरून फोन करतो, तेव्हा त्या दिवसांत प्रत्येक फोन उचलावा.

सातवी पायरी: दुसरी वाट तयार ठेवावी

ज्याची नोकरी इंटरनेटवर चालते, त्याने मुख्य जोडणीशिवाय वेगळ्या प्रकारची दुसरी जोडणी ठेवावी. पुष्कळदा गावचे फायबर आणि गावचा मोबाइल मनोरा एकाच मुख्य केबलवर असतात. खोदकामात ती तुटली की दोन्ही एकदम बंद पडतात. अशा गावात उपग्रह हाच खरा पर्याय ठरतो. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी स्पेनच्या मुख्य भूमीची आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपत गेल्या. राउटर आणि फायबरचे उपकरण मिळून फार वीज खात नाहीत, म्हणून साध्या यूपीएसवरही ते बराच वेळ चालतात. स्पेनच्या दुकानात यूपीएस ‘साई’ या नावाने मागावा.

२०२२ च्या स्टार्टअप कायद्याने दिलेल्या डिजिटल नोमॅड व्हिसावर जाऊन पुण्या-मुंबईच्या कचेरीसाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतातले सकाळचे साडेनऊ म्हणजे स्पेनमध्ये उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात पाच. त्या वेळी जाळ्यावर गर्दी नसते हे खरे, पण कंपन्या दुरुस्तीची कामेही मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच काढतात. शिवाय सेवा बंद पडल्याबद्दलची भरपाई बिलातून आपोआप मिळण्यासाठी खंड सकाळी आठ ते रात्री दहा या वेळेत एकूण सहा तासांहून अधिक असावा लागतो. पहाटेची बैठक बुडाली तर ती या हिशेबात येत नाही.

तक्रार करताना प्रत्येक वेळी तिचा क्रमांक मागून टिपून ठेवावा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर पुढील तीन महिन्यांत दूरसंचार ग्राहकांसाठीच्या सरकारी कार्यालयाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि तेथे सर्वांत आधी तो क्रमांकच विचारला जातो.