स्ट्रेट केलेले केस तुटतायत? आधी नेमके कुठून तुटतायत ते बघा

केमिकलने केस सरळ केले की पहिले दोन-तीन महिने आपण आरशासमोरून हलत नाही, आणि मग एक दिवस विंचरताना खांद्यावर, बेसिनमध्ये, उशीवर बारीक बारीक तुकडे दिसायला लागतात, शेंड्यांना फाटे फुटलेले दिसतात आणि आपण घाबरून एकाच आठवड्यात दोन मास्क, तीन सिरम आणि एक तेल घेऊन येतो. मीही हेच केलं होतं. वस्तू वाईट नव्हत्या, पण माझ्या केसांना त्या वेळी त्यातल्या निम्म्या गोष्टींची गरजच नव्हती. म्हणून खरेदी नंतर, आधी तपासणी.

विंचरल्यावर कंगव्यातले आणि खाली पडलेले केस गोळा करा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि चांगल्या उजेडात एकेक बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान अशी पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून आलेला केस, म्हणजे गळलेला. असे दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात, त्याचं टेन्शन नको. गाठ नाही म्हणजे केस मधूनच तुटलाय. आता लांबी बघा. तुकडे दोन-चार सेंटीमीटरचे असतील तर शेंडे झडतायत, आणि केस लांबच लांब आहे पण गाठ नाही तर तो डोक्याजवळून तुटलाय, हे जास्त सिरीयस. कधीकधी केसाच्या मधेच एक पांढरा ठिपका दिसतो आणि तिथे जरा वाकवलं की काटकन मोडतो. त्या जागी केसाचं वरचं आवरण निघून आतले धागे पिंजलेले असतात, दोन ब्रश एकमेकांत खुपसल्यासारखे. हे ठिपके खूप दिसले तर केस कापायचा तो ठिपक्याच्या वरून, खालचा भाग टिकत नाहीच.

हे का होतं, तर केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोडांनी धरून असतात. केसाची ताकद आणि त्याचा आकार दोन्ही या जोडांवर अवलंबून. स्ट्रेटनिंगचं क्रीम नेमके हेच जोड तोडतं. यात दोन घराणी आहेत आणि तुमच्या डोक्यावर कुठलं बसलंय हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. एक हायड्रॉक्साइडवालं, म्हणजे रिलॅक्सर, सोडियम, लिथियम किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइड, याचा पीएच १२ ते १४ म्हणजे अतिशय तीव्र. त्यात जोडातला गंधकाचा एक अणू कायमचा जातो, तो जोड परत पहिल्यासारखा होत नाही. दुसरं थायोवालं, लेबलवर अमोनियम थायोग्लायकोलेट लिहिलेलं असतं, रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंग बहुतेक वेळा याच्यात येतं, पीएच साधारण ९ च्या आसपास, आणि नंतर जो न्यूट्रलायझर लावतात तो तुटलेले जोड नव्या सरळ आकारात पुन्हा बांधतो, सगळे नाही पण बरेचसे. ही दोन घराणी एकाच केसावर एकामागून एक आली की केस अक्षरशः हातात येतो, कधी कधी त्याच दिवशी. आधी एक केलंय आणि आता दुसरं करायचंय तर जुना भाग पूर्ण कापला जाईपर्यंत थांबावं लागतं, याला शॉर्टकट नाही. पार्लर बदलताना जुन्या पार्लरमधून प्रॉडक्टचं नाव विचारून घ्या, लाजू नका.

आणि केसाचं वय पण धरा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या केसाचा शेंडा दोन-अडीच वर्षांचा म्हातारा आहे. त्या शेंड्याने तेवढ्या काळात किती ऊन, किती ड्रायर, किती रबरबँड आणि किती वेळा केमिकल खाल्लंय याचा हिशोब मनात करा, म्हणजे तो का फाटतोय हे वेगळं सांगायला नको.

माझं काय झालं सांगते. पहिल्यांदा स्ट्रेट केले, छान झाले, मग मुळाशी नवे केस उठायला लागले तशी मला घाई झाली आणि सहा आठवड्यांत परत गेले. तिथे विचारलं शेवटचं कधी केलं होतं, मी बिनधास्त सांगितलं झाले असतील अडीच-तीन महिने. त्यात क्रीम लावणारीने एकसारखं दिसावं म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे लावलं. पंधरा दिवसांत भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे खुंट उभे. चूक दोघींची, पण केस माझे गेले.

आता उपाय. पहिला उपाय कुणालाच आवडत नाही तो म्हणजे कात्री. फाटा फुटलेला केस परत जुळत नाही, कुठल्याही क्रीमने नाही, कितीही महागाच्या नाही. सिरम तो तात्पुरता चिकटवतं, धुतलं की परत उघडा. आणि फाटा तिथेच थांबत नाही, वर वर चिरत जातो, म्हणून आज एक सेंटीमीटर वाचवलं की तीन महिन्यांनी पाच कापावे लागतात. घरी करायचं असेल तर केस कापायचीच धारदार कात्री घ्या, कागद कापायची बोथट कात्री केस चिरडते आणि तिथे नवा फाटा फुटतो. कोरड्या, विंचरलेल्या केसांची पेन्सिलएवढी बट घ्या, हलका पीळ द्या, मागे पांढरा कागद धरा. पीळ दिला की फाटलेली टोकं बाजूला उभी राहतात, फाट्याच्या अर्धा-एक सेंटीमीटर वर छाटा, पुढची बट. पूर्ण डोक्याला तास-दीड तास लागतो, मान दुखते, दोन दिवसांत वाटून घेतलं तरी चालतं. पण शेंडे पूर्णच झाडूसारखे झाले असतील तर एकेक फाटा शोधत बसू नका, सरळ एक लेव्हल कापून या. मग दर दोन-अडीच महिन्यांनी थोडं थोडं.

दुसरी गोष्ट, ओढून बघायची टेस्ट. ज्या भागातून तुटतायत तिथला एक केस घ्या, पाण्यात भिजवा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. जरासा ताणला जाऊन परत जागेवर आला तर ठीक. रबरासारखा ताणतच गेला, परत आलाच नाही आणि मग तुटला, तर आतला सांगाडा ढिला झालाय, त्याला प्रोटीन पाहिजे. अजिबात न ताणता कोरड्या काडीसारखा कट्कन तुटला तर तो रूक्ष आणि ताठ झालाय, त्याला ओलावा पाहिजे, आणि प्रोटीन दिलंत तर अजून तुटेल. ही काही लॅबची टेस्ट नाही, अंदाज आहे, पाच-सहा केस बघून ठरवा. मी जे आठवड्याला आठवड्याला केराटिन मास्क थापत होते ना, ते याच्याच उलट होतं, केस काथ्यासारखे राठ झाले होते.

प्रोटीन द्यायचं ठरलं तर लेबलवर हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन असं काही शोधा, हायड्रोलाइज्ड म्हणजे बारीक तुकडे केलेलं, ते केसात शिरू शकतं. अंडं लावू का असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, तर अंड्यातलं प्रोटीन खूप मोठं असतं, आत जात नाही, वरून धुऊन जातं आणि वास मात्र राहतो. जड प्रोटीन ट्रीटमेंट महिना-दीड महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही, आणि त्यानंतर लगेच मऊ करणारा कंडिशनर, हे सोडायचं नाही. ओलावा हवा असेल तर आठवड्यातून एकदा डीप कंडिशनर वीस-तीस मिनिटं, वर शॉवर कॅप. रात्रभर ठेवायची गरज नाही, केस तासन् तास ओला ठेवून फुगवणं हेही त्याला थकवतंच. बॉण्ड बिल्डर नावाचे, तुटलेले जोड परत बांधतो म्हणणारे प्रकार आहेत, काही जणींना फरक पडतो, पण हायड्रॉक्साइडने गेलेला जोड त्याने परत येईल अशा भ्रमात राहू नका.

धुण्याआधी खोबरेल तेल लावलं तर फायदा होतो, हे नुसतं आजीचं म्हणणं नाही. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापून आली, त्यात केसातून धुऊन जाणारं प्रोटीन फक्त खोबरेलने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन तशी शिरत नाहीत. थोडंसंच, लांबीला आणि शेंड्यांना, अर्धा-एक तास आधी. तेल काढण्यासाठी दोनदा घासून शाम्पू करावा लागला तर मिळवलं ते सगळं गेलं, म्हणून थोडंसंच. शाम्पू टाळूला, खाली फेस आपोआप ओघळतो तेवढा बास. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळायचे नाहीत. कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांपासून सुरू करून वर वर जायचं, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुना सुती टी-शर्ट घ्या आणि दाबून पाणी टिपा. नंतर ओलसर असतानाच लीव्ह-इन (न धुता तसाच ठेवायचा कंडिशनर) किंवा सिरमचे दोन थेंब. अमोडायमेथिकोन नावाचं सिलिकॉन असलेलं चांगलं, ते केस जिथे जास्त खराब आहे तिथेच जास्त चिकटतं.

रिलॅक्सर कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन एकत्र करायच्या किटमधला असेल तर केसावर कॅल्शियम साचतं, मग काहीही लावा, केस कोरडाच. महिन्यातून एकदा चिलेटिंग शाम्पू, म्हणजे असे साचलेले क्षार काढणारा, बास.

आयर्न. खरं उत्तर म्हणजे दोन-तीन महिने हात लावू नका, केस मुळात सरळ केलेत कशासाठी! राहवत नसेलच तर केस पूर्ण कोरडे, हीट प्रोटेक्टंट, १८० अंशांच्या खाली, एका बटेवरून एकदाच. ओलसर केसावर आयर्न फिरवलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे तयार होतात, तो चर्र आवाज येतो ना, तो ऐकून तरी थांबा.

आता जो भाग सगळ्यात नाजूक तो, म्हणजे जोडाची जागा. मुळाशी उगवलेला नवा केस आपल्या मूळ वळणाचा आणि जाड, खाली सरळ केलेला अशक्त केस, आणि दोघे जिथे भेटतात तिथे सगळा ताण येतो. डोक्याजवळून तुटलेले ते लांब केस इथूनच आलेले असतात. विंचरताना या जागेच्या खाली केस मुठीत घट्ट धरा म्हणजे ओढ वर या जागेपर्यंत जाणार नाही. पोनी रोज त्याच जागी बांधू नका, एक दिवस मानेशी, एक दिवस जरा वर, कधी सैल वेणी. साधं रबर नको, कापडी घ्या, झोपताना सॅटिनचा अभ्रा. ओढून बांधलेला अंबाडा कपाळाजवळचे केस कायमचे नेऊ शकतो, आणि तिथे मग तुटण्याचा प्रश्न उरत नाही, उगवण्याचाच येतो.

ब्लीच तर नाहीच. हायलाइट्स पण ब्लीचच असतं, नावाला भुलू नका.

पुढचं टचअप, म्हणजे मुळाशी उगवलेले नवे केस सरळ करणं, तुटणं पूर्ण थांबल्याशिवाय करायचं नाही. थांबलं असेल तर आठ ते बारा आठवड्यांचं अंतर आणि क्रीम फक्त नव्या केसाला. जुन्या लांबीला आधीच जाड कंडिशनर किंवा पेट्रोलियम जेली चोपडून ठेवा म्हणजे धुताना वाहून आलेलं क्रीम तिथे बसणार नाही. आधी एका बटेवर ट्राय करायला सांगा. आदल्या दोन दिवसांत डोकं धुऊ नका, खाजवू नका. टाळू चुरचुरायला लागली तर वेळ संपायची वाट न बघता लगेच धुवायला लावा, भिडेखातर बसून राहू नका. रिलॅक्सर असेल तर न्यूट्रलायझिंग शाम्पू, म्हणजे उरलेल्या केमिकलचा जोर घालवणारा, दोन-तीनदा तरी हवा. अशा काही शाम्पूंचा फेस केमिकल उरलं असेल तर गुलाबी होतो, फेस पांढरा येईपर्यंत धुवायचं.

टाळूवर जखम, पू, चट्टे, कुठे गोल टक्कल, किंवा गाठवाले केसच आठवडेच्या आठवडे मूठभर येतायत, तर हे सगळं बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तेव्हा कारण थायरॉइड किंवा लोह कमी असणं असंही असू शकतं आणि त्याला कुठलाही मास्क पुरत नाही.

आणि एक, केमिकल केल्याची तारीख आणि प्रॉडक्टचं नाव त्याच दिवशी फोनमध्ये टाका, जमलं तर डब्याच्या लेबलचा फोटोच काढा. खुर्चीत बसल्यावर शेवटचं कधी केलं होतं असं विचारलं की आपण हमखास महिनाभर जास्तच सांगतो.