सिरॅमिक झटक्यात फुटताना मोजायचं कसं: खान्देशातल्या नवख्या संशोधकांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांमधून मेकॅनिकल करून एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी या विषयाकडे वळणाऱ्यांचं सगळं लक्ष गॅस गनवर, म्हणजे दाबलेल्या वायूने दांडा उडवणाऱ्या नळीवर असतं. पण या चाचणीचा निकाल गन चालण्याआधीच, नमुन्याच्या दोन तोंडांवर लागलेला असतो. म्हणून आधी हात तयार करा, यंत्र नंतर.

मुळात झटक्याची चाचणी हवीच कशाला? वरणगावच्या आयुध निर्माणीत बनते तशी रायफलची गोळी बुलेटप्रूफ जॅकेटमधल्या सिरॅमिक पाटीवर आदळते, तेव्हा पाटीला तडे जायला काही मायक्रोसेकंदच लागतात. यूटीएमवर (कॉलेजातलं नेहमीचं दाबण्या-ताणण्याचं यंत्र) सावकाश दाबलं की आतली सर्वांत कमकुवत भेग आधी वाढते आणि नमुना मोडतो. भार झटक्यात चढला, तर त्या भेगेला पसरायला वेळच मिळत नाही. भार चढत राहतो, अनेक भेगा एकदम सुटतात. त्यामुळे ताकद जास्त दिसते आणि तुकडे बारीक होतात. यूटीएमचा आकडा इथे चालत नाही तो यामुळे.

यासाठी वापरतात तो स्प्लिट हॉपकिन्सन बार. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी 1914 मध्ये दाबाची लाट बारमधून मोजायची वाट दाखवली. 1949 मध्ये कोल्स्की यांनी दोन बारच्या मध्ये नमुना ठेवला. मॅरेजिंग स्टीलचे 19 मिमी व्यासाचे, दीड-दोन मीटर लांबीचे दोन बार आणि 300 मिमीचा स्ट्रायकर, म्हणजे गॅस गनमधून सुटून पहिल्या बारवर आदळणारा दांडा धरा. स्टीलमध्ये लाट सेकंदाला सुमारे 5000 मीटर धावते, म्हणजे लाटेची लांबी 120 मायक्रोसेकंद. स्ट्रायकर सेकंदाला 15 मीटरने आला की बारमध्ये जवळपास 300 एमपीए (मेगापास्कल) ताण येतो. नमुना 6 मिमी व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ बारच्या एक दशांश, म्हणून त्याच्यावर दहापट, 3 जीपीए (3000 एमपीए). चांगली अ‍ॅल्युमिना याच्या आसपास फुटते.

आता नमुन्याची तोंडं. 6 मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनाचा नमुना फुटेपर्यंत 0.8 टक्के आखडतो, म्हणजे जेमतेम 48 मायक्रॉन. दोन तोंडांच्या समांतरपणात 10 मायक्रॉनची चूक राहिली तर एकूण आखडण्याचा पाचवा हिस्सा तिथेच गेला. एक कड आधी टेकते, तिथून कपचा उडतो आणि जो आकडा मिळतो तो सिरॅमिकचा नसून त्या कडेचा असतो. डायमंड व्हीलवर पाणी सोडत कापा, मग दोन्ही तोंडं लॅप करा, म्हणजे बारीक पुडीवर घासून सपाट करा. सरफेस प्लेटवर एक मायक्रॉनच्या डायल इंडिकेटरने प्रत्येक नमुना निदान पाच जागी तपासा. कडांवर भिंगाखाली चिरा दिसली की नमुना बाद, दया दाखवू नका.

सिरॅमिक थेट स्टीलवर टेकवायचं नाही, 3 जीपीएला बारच्या तोंडात खड्डा पडतो. मध्ये टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या ठेवा. कार्बाइडचा इम्पिडन्स (लाटेला होणारा विरोध) स्टीलच्या साधारण अडीच पट असल्याने 19 मिमीच्या बारला चकतीचा व्यास 12 मिमी येतो. तसं नसेल तर लाट चकतीवरूनच परावर्तित होते. चकतीभोवती स्टीलचं घट्ट कडं बसवा, नाहीतर नमुन्याआधी तीच फुटते.

लाटेचा आकार ठरवते ती तांब्याची छोटी चकती, पल्स शेपर. ती नसेल तर लाट सुमारे 10 मायक्रोसेकंदांतच पूर्ण चढते आणि दोन्ही तोंडांवरचं बल सारखं होण्याआधीच नमुना फुटतो. लाल करून निवलेलं मऊ तांबं घ्या, 5 मिमी व्यास आणि 1 मिमी जाडीपासून सुरुवात करा, ग्रीसच्या पुसट थराने पहिल्या बारच्या स्ट्रायकरकडच्या तोंडावर चिकटवा. चकती फार लहान असली तर ती पूर्ण चपटते आणि लाट मध्येच उसळते. फार मोठी असली तर ताण फुटण्याच्या पातळीपर्यंत पोचतच नाही. दरवेळी नवी चकती. लाट सरळ चढणीसारखी दिसली की जमलं.

स्ट्रेन गेज (आखडणं-ताणणं विजेच्या सिग्नलमध्ये दाखवणारी पट्टी) बारच्या मध्यावर, समोरासमोर दोन लावा म्हणजे बारच्या वाकण्याचा परिणाम कापला जातो. 5 व्होल्ट दिले तर दोन गेजांच्या ब्रिजमधून (गेज जोडायचं सर्किट) येणारा सिग्नल साडेसात मिलिव्होल्टच्या घरात असतो. अर्थिंग ढिलं असेल तर 50 हर्ट्झची घरघर त्यावर चढते. अ‍ॅम्प्लिफायर 1 मेगाहर्ट्झचा हवा. सेकंदाला 500 स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात आखडणं) दराने नमुना 16 मायक्रोसेकंदांत फुटतो, म्हणून सेकंदाला 1 कोटी नोंदी घेणारा ऑसिलोस्कोप चालतो, साधा डेटा लॉगर नाही. नमुन्याची आखड परावर्तित लाटेवरून काढू नका, ती फार छोटी असते; नमुन्यावरच 1 मिमीचा गेज चिकटवा.

खान्देशच्या मे महिन्यात एक अडचण हमखास येते. गेज चिकटवायचा सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. कोरड्या हवेत तो उशिरा धरतो, वरून पक्का वाटतो आणि पहिल्याच ठोक्याला गेज सुटतो. खोलीत कूलर लावून आर्द्रता 30 टक्क्यांवर आणा, मगच चिकटवा.

पहिला ठोका नेहमी नमुना न लावता, एक बार दुसऱ्या बारला टेकवून घ्या. परावर्तित लाट जवळजवळ शून्य हवी. नसेल तर बार एका रेषेत नाहीत. नमुना लावल्यावर दोन्ही तोंडांवरच्या बलात 5 टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर ती नोंद टाकून द्या. तुकडे झेलायला पॉलिकार्बोनेटचं झाकण लावा, चष्मा प्रत्येकाला, आणि तुकडे नमुन्याच्या नंबरासह पिशवीत भरा. दुसरी लाट येऊन तेच तुकडे पुन्हा चिरडू नयेत म्हणून मोमेंटम ट्रॅप, म्हणजे ती लाट अडवणारी जोडणी लागते. ती नसेल तर तुकड्यांच्या आकारावरून निष्कर्ष काढू नका. सिरॅमिकचे आकडे पसरतात, पाच नमुन्यांची सरासरी फसवते. ताकदीचा पसारा दाखवणाऱ्या वायबुल आलेखासाठी 30 नमुने धरा, बाद होणारे वेगळे.

सराव जळगाव किंवा धुळ्यात सुरू होतो. जुन्या स्पार्क प्लगचं पांढरं इन्सुलेटर अ‍ॅल्युमिनाचंच असतं. ते कापून तोंडं समांतर करायला शिका, ओलं कापा, मास्क लावा. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून चकती आडवी दाबायची ब्राझिलियन चाचणी कॉलेजच्या यूटीएमवर होते: ताण म्हणजे दोन गुणिले बल, भागिले पाय (π), व्यास आणि जाडीचा गुणाकार. तडा मध्यातून सुटला तरच आकडा धरायचा, जबड्याजवळून सुटला तर नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तो सुटताना दिसत नाही, तुकड्यांच्या खुणांवरून ठरवा.

पुढे डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्था) हैदराबादची डीएमआरएल आणि चंदीगडची टीबीआरएल या प्रयोगशाळा आणि आयआयटी इथे हे काम चालतं. डीआरडीओच्या जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) जागांना बहुधा गेट परीक्षेचा स्कोअर मागतात. मुलाखतीत बाद झालेल्या नमुन्यांची वही दाखवा, प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं.